वाचा गेली, चाल उरली

लकवा झालेल्या किंवा डोक्याला मार लागलेल्या माणसाच्या घरी ती पहिल्यांदा जाते, तेव्हा घरचे आधी फाईल पुढे करतात. प्लास्टिकच्या पिशवीत जपून ठेवलेली ती फाईल जाडजूड असते. सीटी स्कॅनच्या काळ्या फिल्म, डिस्चार्ज कार्ड, रक्तदाबाच्या आणि रक्त पातळ ठेवणाऱ्या गोळ्यांची यादी, जळगावच्या नाहीतर इंदूरच्या दवाखान्याची बिलं. ती सगळं नीट वाचते. मग फाईल मिटते आणि विचारते, "आजारी पडायच्या आधी हे काय गायचे? हातानं काय करायचे? घरात टाळ कोण वाजवतं?" घरच्यांना वाटतं, ताई ओळख वाढवतायत. तिच्या लेखी मात्र तपासणी इथूनच सुरू होते.

ती वाचा-उपचारतज्ज्ञ आहे. लोकांच्या तोंडी 'बोलायला शिकवणाऱ्या ताई'. बुऱ्हाणपूर शहरात तिचं काम चालतं आणि ज्यांना घराबाहेर पडता येत नाही त्यांच्यासाठी ती तापीचा पूल ओलांडून जैनाबादला जाते. नदीच्या अलीकडे शाही किल्ला आणि पलीकडे जैनाबाद. केळीच्या बागा, आणि त्यांच्या शेजारी आहुखान्याची पडझड झालेली मुघलकालीन वास्तू. राज्य मध्य प्रदेश, पण रावेर-मुक्ताईनगरशी सोयरिक असलेल्या घरांमध्ये चुलीपाशी मराठी चालते. शाळेत आणि बाजारात हिंदी, फाईलमध्ये इंग्रजी. मेंदूला इजा झाली की या तीन भाषांपैकी कोणती आधी परत येईल, हे कुणालाच ठामपणे सांगता येत नाही. म्हणून माणूस लहानपणापासून कोणत्या भाषेत गायला, रडला आणि भांडला, ते ती आधी विचारून घेते.

तिच्या रुग्णांपैकी एक नाना. केळीचे शेतकरी आणि गावच्या भजनी मंडळाचे जुने गाणारे. मेंदूच्या डाव्या बाजूची रक्तवाहिनी तुंबली, उजवा हात-पाय लुळा पडला आणि वाचा गेली. घरी आले तेव्हा त्यांच्याजवळ एकच शब्द उरला होता, 'हां'. भूक लागली तरी हां, जेवण नको असलं तरी हां. समजत सगळं होतं. म्हणूनच ते चिडायचे, डाव्या हातानं ताट ढकलायचे आणि मग भिंतीकडे तोंड करून पडून राहायचे.

एका एकादशीला शेजारच्या ओसरीवर भजन लागलं. टाळ सुरू झाले, ध्रुपद दुसऱ्यांदा आलं आणि खाटेवरचे नाना ते ध्रुपद म्हणू लागले. शब्द स्पष्ट, चाल बरोबर. त्यांची बायको धावत बाहेर आली, "अहो, हे तर भजन म्हणू राह्यले!" घरात आनंदीआनंद झाला. दुसऱ्या दिवशी सकाळी चहा विचारला तर उत्तर पुन्हा 'हां'. रात्रीची आशा सकाळी अशी मोडली की घरचे जास्तच खचतात. हा अनुभव तिनं पुष्कळ घरांत पाहिला आहे. त्या सकाळी ती नानांच्या घरच्यांशी बराच वेळ बोलली, कारण घडलं होतं ते खरं होतं आणि त्याचा उपयोगही होता. फक्त तो उपयोग आपोआप होणार नव्हता.

नाना गातात आणि बोलत नाहीत, हे वैद्यकाला फार जुनं ठाऊक आहे. स्वीडनमध्ये ओलोफ डालिन यांनी १७४५ साली अशाच एका तरुणाची हकिगत लिहून ठेवली. त्याची उजवी बाजू लुळी पडली होती, बोलणं जवळजवळ संपलं होतं, पण आजारापूर्वी पाठ असलेली स्तोत्रं तो स्वच्छ म्हणायचा. सुरुवातीला कुणीतरी बरोबर म्हणून आधार द्यावा लागे, एवढंच. पुढे १८६१ मध्ये पॅरिसच्या पॉल ब्रोका यांनी 'टॅन' एवढंच म्हणू शकणाऱ्या रुग्णाचा मेंदू मृत्यूनंतर तपासला आणि डाव्या बाजूच्या पुढच्या भागातली इजा दाखवली. वाक्य जुळवून बोलण्याचं काम बहुतेकांत डावा अर्धगोल पाहतो. गाण्याची चाल, लय आणि वर्षानुवर्षं घोटलेले शब्द यांचा पसारा मात्र दोन्ही बाजूंना असतो. त्यामुळे डाव्या बाजूला आघात झाला तरी हरिपाठ उरतो, एक ते दहा आकडे उरतात, वारांची नावं उरतात आणि कधीकधी शिव्याही उरतात. घोटून बसलेली ही भाषा वेगळी आणि 'मला पाणी दे' हे त्या क्षणी जुळवायचं वाक्य वेगळं. पहिल्यातून दुसऱ्याकडे जाणारी वाट बांधावी लागते.

ती वाट बांधण्याची एक पद्धत बोस्टनमध्ये तयार झाली. मार्टिन अल्बर्ट, रॉबर्ट स्पार्क्स आणि नॅन्सी हेल्म यांनी १९७३ मध्ये ती मांडली. तिला 'मेलॉडिक इंटोनेशन थेरपी' म्हणतात. अमेरिकी खासदार गॅब्रिएल गिफर्ड्स यांना ८ जानेवारी २०११ रोजी डोक्याच्या डाव्या बाजूला गोळी लागली. त्या पुन्हा बोलू लागल्या तेव्हा संगीताच्या आधारानं केलेले असे उपचार जगभर चर्चेत आले. जैनाबादच्या ओसरीवर तीच पद्धत मराठीत उतरते.

नानांसाठी पहिलं वाक्य घरच्यांनीच निवडलं, 'पाणी दे'. ती त्यांच्या डाव्या बाजूला बसते, त्यांचा डावा हात आपल्या हातात धरते आणि गादीवर हलकेच ठोके देते, एका अक्षराला एक ठोका. आधी शब्द नाहीत, फक्त गुणगुणणं. दोनच सूर, एक खालचा आणि एक वरचा. 'पा' खाली, 'णी' वर, 'दे' परत खाली. गुणगुणणं जमलं की तोच सूर धरून दोघं मिळून शब्द म्हणतात. मग ती मध्येच आपला आवाज काढून घेते आणि नानांना उरलेलं वाक्य एकट्यानं तडीस न्यावं लागतं. त्यापुढच्या पायरीवर ती म्हणते, नाना ऐकतात आणि थोडं थांबून एकटेच म्हणतात. शेवटी ती विचारते, "नाना, काय हवं?" उत्तर सुरात आलं तरी चालतं. हळूहळू सूर सपाट करत आणायचा आणि ठोके थांबवायचे. सगळं जमून आलं म्हणजे साधं बोलणं उरतं.

यात गळा किती गोड आहे याला काही किंमत नाही. जर्मनीतल्या बेंजामिन स्टाल आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २०११ मध्ये वाचा गेलेल्या १७ रुग्णांवरचा अभ्यास प्रसिद्ध केला. सुरापेक्षा लयीचा आणि शब्द आधीपासून किती ओळखीचे आहेत याचा वाटा मोठा असल्याचं त्यांना आढळलं. तिच्या कामाला या निष्कर्षाचा फार उपयोग झाला. "आमच्यात कुणाला गाता येत नाही हो ताई," असं म्हणणाऱ्या घरांना आता ती सांगते, की ठेका धरता आला तरी पुरे. टाळ नसतील तर ताटलीवर चमचा चालतो.

खरी अडचण मात्रेची आहे. औषधाची असते तशी सरावाचीही मात्रा असते. गॉटफ्रीड श्लाउग यांच्या चमूनं २००९ मध्ये बोस्टनमधल्या सहा रुग्णांचे निष्कर्ष मांडले. त्या रुग्णांची ७५ हून अधिक सत्रं झाली होती, आठवड्यातले पाच दिवस, रोज दीड तास. त्यानंतरच्या स्कॅनमध्ये मेंदूच्या उजव्या बाजूला, ऐकणं आणि उच्चार यांना जोडणारा तंतूंचा जुडगा वाढलेला दिसला. मेलेल्या पेशी परत येत नाहीत. शेजारच्या आणि समोरच्या बाजूच्या जोडण्या काम उचलायला शिकतात, आणि त्यांच्याकडून ते काम पुन्हा पुन्हा करून घेतलं तरच शिकतात. एक ताई आठवड्यातून एखाद्या दिवशी नदी ओलांडून येणार. तिच्या हातून एवढी मात्रा पोचणं शक्य नाही.

कलेचं मोल तिला इथंच कळलं. कंटाळवाणा व्यायाम शंभर वेळा कर म्हटलं तर कुणी करत नाही. सून दोन दिवस करून घेते, तिसऱ्या दिवशी कामाला लागते. पण हरिपाठ रोज होतोच, टाळ रोज निघतातच, शेजारी रोज येतातच. पुनरावृत्ती ज्या गोष्टीत आधीपासून भरलेली आहे आणि जी माणूस आपखुशीनं करतो, तिच्या पाठीवर उपचार बसवला की मात्रा आपोआप वाढते. गावच्या भजनी मंडळातल्या दोघांना तिनं ठोक्यांची रीत शिकवली. आता हरिपाठ आटोपला की ते नानांजवळ बसतात आणि ठरलेली वाक्यं त्याच ठेक्यावर घेतात. नानांनी चुकीचा शब्द म्हटला तर हसायचं नाही, त्यांच्या वतीनं बोलून टाकायचं नाही आणि दहापर्यंत मनात मोजून वाट पाहायची, हे तीन नियम मंडळाला पाठ झाले आहेत.

अक्षरओळख नसलेल्या बायकांच्या बाबतीत या वाटेचं महत्त्व अधिकच. वाचाघाताच्या पुष्कळ चाचण्यांमध्ये वाचन-लेखनाचे भाग असतात आणि तिथं या बायका आजारी नसतानाही अडल्या असत्या. ओव्यांचा साठा मात्र त्यांच्याकडे असतो. शेजारच्याच जळगाव जिल्ह्यातल्या बहिणाबाई चौधरींना लिहिता-वाचता येत नव्हतं. शेतात आणि जात्यावर त्यांनी जे रचलं ते त्यांच्या निधनानंतर १९५२ मध्ये पुस्तकरूपानं आलं. तोवर ती सगळी कविता स्मरणात आणि घरच्यांनी टिपलेल्या कागदांवर होती. लयीच्या आधारानं स्मरणात काय काय टिकतं, याचं इतकं जवळचं उदाहरण घरच्यांना दिलं, की 'गाणी कशाला' हा प्रश्न उरत नाही.

लयीचा दुसरा उपयोग पायांना होतो. बुऱ्हाणपूर हे यंत्रमागांचं शहर. तिथल्या गल्ल्यांतून मागांची खडखड कायम कानावर असते. एका विणकरभाईंच्या डाव्या पायात लकव्यानंतर जोर राहिला नव्हता. चालताना चांगला पाय घाईनं टेकायचा आणि अधू पाय मागून फरफटत यायचा. तिच्याबरोबर काम करणाऱ्या फिजिओथेरपिस्टनं काठी दिली, पट्टा दिला, पावलं मोजून घेतली. सुधारणा होत होती, पण संथ. मग त्याच्या लक्षात आलं, की या माणसाचे कान असामान्य आहेत. पलंगावर पडल्या पडल्या ते शेजारच्या मागाचा आवाज ऐकून सांगत, "धागा तुटा है." आणि खरंच तुटलेला असे. ज्याची रोजीरोटी ठेक्यावर चालली त्याच्या पायांनाही ठेकाच द्यावा, असं दोघांनी ठरवलं. मागाची गती चालायला फार जलद, म्हणून मोबाईलवर मेट्रोनोम लावला. आधी ते मिनिटाला किती पावलं टाकतात ते मोजलं, ठोका तेवढाच ठेवला आणि दोन्ही पाय ठोक्यावर पडू लागल्यावर गती थोडी थोडी वाढवत नेली.

यामागे मायकेल थाउट यांचं अमेरिकेतलं काम आहे. १९९७ मध्ये त्यांनी लकव्याच्या रुग्णांना सहा आठवडे, दिवसातून दोनदा, ठेक्यावर चालवलं. ठेक्याशिवाय तेवढाच सराव केलेल्यांपेक्षा या रुग्णांचा वेग आणि पावलाची लांबी अधिक सुधारली. ऐकणारे आणि हालचाल घडवणारे मेंदूतले भाग एकमेकांना घट्ट जोडलेले असतात. पुढचा ठोका कधी पडणार हे कानाला आधी कळतं आणि स्नायू त्यासाठी तयार राहतात. मेंदूच्या इजेनंतरच्या संगीतोपचारांवर २०१७ मध्ये कॉक्रेन संस्थेचा आढावा आला. त्यात २९ चाचण्या आणि ७७५ रुग्ण होते. लयबद्ध ठोक्यांचा चालण्यावर चांगला परिणाम होत असावा, असं त्यानं नोंदवलं, आणि अधिक मोठे, काटेकोर अभ्यास हवेत असंही बजावलं. दोन्ही गोष्टी ती रुग्णाच्या घरी सांगते.

महाराष्ट्रात या धर्तीचं सर्वांत डोळ्यांत भरणारं काम पुण्यात झालं आहे. नर्तक हृषिकेश पवार यांनी पार्किन्सन्सच्या रुग्णांसाठी नृत्याचे वर्ग सुरू केले. न्यूयॉर्कच्या ब्रुकलिनमध्ये मार्क मॉरिस नृत्यसमूहानं २००१ पासून असे वर्ग चालवले होते. पार्किन्सन्समध्ये पाऊल उचलण्याची आतली वेळ चुकते आणि माणूस दारातच खिळून उभा राहतो. बाहेरून ताल मिळाला की तेच पाऊल सुटतं. शिवाय वर्गात आलेला माणूस त्या तासापुरता रुग्ण नसतो, तो नाचायला आलेला असतो. पार्किन्सन्स आणि लकवा हे आजार निराळे. पण एखाद्या कलावंताला वैद्यकीय मंडळींशी हातमिळवणी करून वर्षानुवर्षं वर्ग चालवता येतो, हे पुण्यानं दाखवलं आणि बुऱ्हाणपूरसारख्या ठिकाणी काम करणाऱ्यांना त्यातून बळ मिळतं.

तिच्या आणखी एका रुग्णाची, मावशींची, गोष्ट मात्र आवाजाची नव्हती, नजरेची होती. त्यांच्या मेंदूच्या उजव्या बाजूला रक्तस्राव झाला होता. बोलणं शाबूत, डोळे शाबूत, आणि तरीही डावीकडचं जग त्यांच्यापुरतं नाहीसं झालं होतं. ताटातल्या डाव्या बाजूची भाजी तशीच राहायची आणि वर तक्रार, की मला भाजीच वाढली नाही. डाव्या बाजूनं कुणी हाक मारली तर त्या उजवीकडे शोधायच्या. सुनेला वाटायचं, सासूबाई मुद्दाम करतात. दुर्लक्ष होतं खरं, पण ते मेंदू करत होता. त्यात मावशींचा काही दोष नव्हता.

मावशी दिवाळीत गल्लीभर रांगोळ्या काढून द्यायच्या. तिनं पाटीवर पाच ओळींत पाच-पाच ठिपके काढले आणि खडू त्यांच्या हातात दिला. मावशींनी उजवीकडच्या ठिपक्यांवर सुबक पाकळ्या जोडल्या, हात झटकले आणि म्हणाल्या, "झाली." डावीकडचे ठिपके कोरेच. तिनं पाटीच्या डाव्या कडेला कुंकवाची उभी रेघ ओढली आणि एक नियम घातला: प्रत्येक ओळ सुरू करण्याआधी लाल रेघेला बोट लावायचं, मगच ठिपका मोजायचा. बोट रेघेपर्यंत गेलं की मान वळते, मान वळली की नजर वळते. रांगोळीला दोन्ही बाजू सारख्या लागतात; एक बाजू राहिली तर काढणाऱ्या हाताला स्वतःलाच ते खुपतं. साध्या कागदावर रेघा खोडण्याच्या व्यायामात हे खुपणं नसतं. पुढे लाल रेघ पाटीवरून ताटाच्या कडेला आली, मग उंबऱ्याच्या डाव्या बाजूला. मावशी आता भाजी संपवतात. दमल्या की डावी बाजू अजून सुटते, म्हणून सुनेनं चहाचा कप उजवीकडे ठेवायचा की डावीकडे, हे वेळ पाहून ठरतं.

जर्मन चित्रकार लोविस कोरिंथ यांना डिसेंबर १९११ मध्ये मेंदूच्या उजव्या बाजूचा झटका आला आणि डावं अंग अधू झालं. त्यांनी पुन्हा कुंचला धरला आणि १९२५ मध्ये मृत्यू होईपर्यंत ते चित्रं काढत राहिले. झटक्यानंतरच्या त्यांच्या काही चित्रांत डावीकडचे तपशील विरळ झालेले अभ्यासकांनी दाखवले आहेत. मावशींच्या सुनेला तिनं मोबाईलवर ती चित्रं दाखवली. 'मुद्दाम करतात' हा शब्द त्या घरातून त्यानंतर गेला. रुग्णाइतकीच घरच्यांची समजूत बरी व्हावी लागते, आणि ती व्हायला कधीकधी एक चित्र पुरतं.

सर्वांत अवघड काम तरुणांचं. केंद्रीय रस्ते वाहतूक मंत्रालयाच्या अहवालानुसार २०२२ मध्ये देशात ४,६१,३१२ अपघात झाले, १,६८,४९१ माणसं गेली आणि सुमारे ४ लाख ४३ हजार जखमी झाली. जखमींमधले कितीतरी डोक्याला मार लागून घरी परततात. हात-पाय धड, चेहरा धड, पण माणूस बदललेला. जैनाबादचा एक मुलगा मोटरसायकलवरून पडला, हेल्मेट नव्हतं. मेंदूच्या पुढच्या भागाला मार बसला. बोलायचा भरपूर, पण एक गोष्ट सरळ सांगता येत नसे. सुरुवात एकीकडे, मध्येच दुसरं, शेवट नाहीच. चटकन संतापायचा. मित्र येईनासे झाले.

याच्यासाठी तिनं गावचीच गोष्ट घेतली. जैनाबादमधल्या पोरासोरांना मुमताजची कथा ठाऊक असते. शाहजहान दख्खनच्या मोहिमेसाठी बुऱ्हाणपुरात मुक्कामाला आला, बरोबर मुमताज होती. १७ जून १६३१ रोजी चौदाव्या बाळंतपणात ती वारली. तिचं पहिलं दफन नदीपलीकडे जैनाबादच्या बागेत झालं, आणि काही महिन्यांनी तिचा देह आग्र्याला नेला. ताजमहाल त्यानंतरचा. या घटनांची एकेक चित्रपट्टी काढायला तिनं त्याला सांगितलं. चित्रं साधी, काड्यांची माणसं, नदीची निळी रेघ. पट्ट्या मिसळायच्या, क्रमानं लावायच्या आणि एकेका पट्टीवर एकच वाक्य बोलायचं. सुरुवातीला ताजमहाल आधी बांधून व्हायचा आणि मुमताज नंतर मरायची. पट्टी हातात असल्यामुळे चूक कुणी दाखवावी लागत नसे, त्याची त्यालाच दिसायची, आणि त्यामुळे संतापही कमी व्हायचा. पुढे पट्ट्या उलट्या ठेवून गोष्ट सांगायची, मग पट्ट्यांशिवाय. नंतर त्यानं स्वतःहून दुसरी गोष्ट घेतली, तरुण औरंगजेब आणि हिराबाई जैनाबादी या गायिकेची. तीही याच बागेशी जोडलेली आहे. क्रम लावणं, मधलं अनावश्यक गाळणं, ऐकणाऱ्याला काय ठाऊक नाही याचा अंदाज घेणं, ही सगळी मेंदूच्या पुढच्या भागाची कामं. गोष्ट सांगताना ती सगळी एकत्र करावी लागतात.

अशा रुग्णांच्या अवधानावर आणि स्मरणावर संगीताच्या मार्गानं काम करण्याचं शास्त्र भारतात बंगळूरच्या निमहान्समध्ये उभं राहतं आहे. तिथं डॉ. शांतला हेगडे म्युझिक कॉग्निशन लॅब चालवतात. त्या स्वतः हिंदुस्तानी संगीत शिकलेल्या आहेत. अमेरिकेत वॉल्टर रीड लष्करी वैद्यकीय केंद्राच्या आवारात २०१० मध्ये सुरू झालेल्या संस्थेत मेंदूला इजा झालेले सैनिक मुखवटे रंगवतात. जे सांगायला शब्द सापडत नाहीत ते मुखवट्यावर उतरतं आणि मग त्याविषयी बोलता येतं. जैनाबादच्या त्या मुलाच्या काड्यांच्या माणसांमध्येही एक मोटरसायकल न सांगता येऊन बसली होती. त्या दिवशी पहिल्यांदा तो अपघाताबद्दल बोलला.

नुसतं ऐकण्याचाही उपयोग होतो. हेलसिंकीच्या तेप्पो सार्कामो यांनी २००८ मध्ये लकव्याच्या ६० रुग्णांचा अभ्यास प्रसिद्ध केला. एका गटानं दोन महिने रोज आपल्या आवडीचं संगीत ऐकलं, दुसऱ्यानं ध्वनिमुद्रित पुस्तकं ऐकली, तिसऱ्याला नेहमीचेच उपचार. तीन महिन्यांनंतर शब्द लक्षात ठेवण्याची क्षमता आणि अवधान संगीत ऐकणाऱ्यांत अधिक सुधारलं होतं. मनाची उदासीही कमी होती. यात 'आवडीचं' हा शब्द ती अधोरेखित करते. शास्त्रीय संगीत मेंदूला चांगलं म्हणून कुणी रुग्णाच्या उशाशी दिवसभर राग लावून ठेवतात आणि त्याला हवी असतात जुन्या सिनेमाची गाणी.

आणि काही वेळा काहीच लावायचं नसतं. डोक्याला मार लागलेल्या काहींना आवाज सोसत नाही, ढोल सोडाच, भांड्याचा खणखणाटही नको होतो. लकव्यानंतर काहींना भावना आवरत नाहीत. एखादं गाणं लागलं की हुंदके थांबत नाहीत, आणि तेव्हा घरच्यांनी 'मन मोकळं होतंय' म्हणून तेच गाणं पुन्हा लावू नये. फिट येणाऱ्याच्या बाबतीत डॉक्टरांना आधी विचारायचं. रक्तदाबाची गोळी भजनानं सुटत नाही. तोंड वाकडं झालं, हात गळाला, जीभ जड झाली, तर अंगारा-धुपारा न करता तडक सीटी स्कॅन असलेला दवाखाना गाठायचा, कारण गुठळी विरघळवणारं इंजेक्शन साधारण साडेचार तासांच्या आत द्यावं लागतं. हे ती प्रत्येक घरात सांगते, भजनी मंडळातही सांगते. कलेच्या बाजूनं बोलणाऱ्यानं हे सर्वांत आधी आणि ठणकावून सांगायला हवं, असं तिचं म्हणणं आहे.

गाण्यातून शिकवलेली वाक्यं येतात, पण न शिकवलेली वाक्यं त्यामानानं कमी येतात, हेही ती लपवत नाही. नाना आता 'पाणी दे', 'चहा कर', 'बस इथं' अशी वाक्यं सुराशिवाय बोलतात. केळीच्या भावावर वाद घालणारे नाना परत आलेले नाहीत आणि कदाचित येणारही नाहीत. पण ते भिंतीकडे तोंड करून झोपत नाहीत. एकादशीला डाव्या हातानं एक टाळ गुडघ्यावरच्या दुसऱ्या टाळावर वाजवतात. मंडळाला साथीदार मिळाला आणि नानांना रोजचा सराव.

तिला आता एकच गोष्ट हवी आहे आणि ती महाग नाही. बुऱ्हाणपूर, रावेर, मुक्ताईनगर या पट्ट्यात गावोगावी भजनी मंडळं आहेत, शाळांत चित्रकला आणि संगीत शिकवणारे शिक्षक आहेत, घरोघर रांगोळी आणि ओवी आहे. जिल्हा रुग्णालयानं त्यांतल्या इच्छुकांना बोलावून एका दिवसाचं प्रशिक्षण द्यावं. सकाळी लकव्याची लक्षणं आणि वेळेचं महत्त्व. मग ठोक्यावर वाक्य कसं घ्यायचं, अधू बाजूनं कसं बसायचं, वाट किती वेळ पाहायची, कुठं थांबायचं. दुपारी प्रत्यक्ष रुग्णाच्या घरी सराव. डिस्चार्ज कार्डावर गोळ्यांच्या यादीखाली एक ओळ या माणसांपैकी कुणाच्या तरी फोननंबरची असावी. तोवर ती स्वतःच पूल ओलांडत राहील. नानांच्या घरी पुढच्या फेरीचं वाक्य ठरलं आहे. फोनवर लेकीला म्हणायचं आहे, 'केव्हा येशील?' पाच अक्षरं, पाच ठोके, आणि प्रश्नाचा शेवटचा सूर वर.